दहा वर्षांच्या मुलासाठी नाव कोरलेला चाकू: ओपिनेल की व्हिक्टोरिनॉक्स?

धरमपेठेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला पेंचच्या शिबिराला निघालेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी नाव कोरलेला घडीचा चाकू घ्यायचा आहे, आणि ओपिनेल व व्हिक्टोरिनॉक्स या दोन कंपन्यांच्या, खास मुलांसाठी बनवलेल्या गोल टोकाच्या चाकूंमध्ये तिचे मन अडकले आहे.

सुरक्षिततेत माझा कौल ओपिनेलला आहे, कारण पाते उघडल्यावर धातूची कडी फिरवली की ते पक्के होते आणि चुकून बोटांवर मिटत नाही. व्हिक्टोरिनॉक्सचे पाते केवळ स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते. नावही लाकडी मुठीवर अधिक शोभते. मात्र नागपूरच्या पावसाळ्यात तेच लाकूड फुगते, पाते मुठीत घट्ट बसते आणि लहान बोटांना ते उघडत नाही, म्हणून चाकू ओला ठेवून चालत नाही. (मुलांना हे सांगून पाहावे!) व्हिक्टोरिनॉक्सच्या प्लॅस्टिकच्या मुठीला ही अडचण नाही, शिवाय त्यात पेचकस आणि डबा उघडण्याचे साधनही असते.

मोठ्यांच्या देखरेखीखाली काठ्या तासत बसणाऱ्या मुलाला ओपिनेल द्यावा. खेळणी खोलून पाहणाऱ्या, वस्तू कोरड्या ठेवण्याची सवय नसलेल्या मुलाला व्हिक्टोरिनॉक्स बरा. भाचा दुसऱ्या प्रकारातला आहे.