'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' (चौथी आवृत्ती) : काही महिन्यांच्या वापरानंतर

तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाइनचं हे पुस्तक भाषा आणि राजकारण यांचा संबंध समजून घेण्यासाठी घेणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पुस्तक क्रमांक दिलेल्या छोट्या कलमांत लिहिलंय. त्यातला १३८ ते २४२ हा भाग नीट वाचून होईपर्यंत 'भाषेचा खेळ' (शब्द आणि त्यांच्यासोबतची कृती मिळून होणारा व्यवहार) ही कल्पना कुठल्याही राजकीय वादात वापरू नका. बहुतेक घोटाळे इथेच होतात. वाचक ४३व्या कलमातलं 'अर्थ म्हणजे वापर' उचलतो, मधलं सगळं गाळून २४१वर येतो आणि 'म्हणजे बहुसंख्य म्हणतील तेच खरं' असं ठरवून मोकळा होतो. मुळात ४३मध्येच 'पुष्कळ ठिकाणी, पण सगळीकडे नाही' अशी अट घातलेली आहे. आणि २४१ स्पष्ट सांगतं की ही सहमती मतांची नसून जगण्याच्या रीतीची आहे.

आधी आवृत्तीबद्दल. पुस्तक १९५३ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ब्लॅकवेलने काढलं. एका पानावर जर्मन, समोर जी. ई. एम. अँस्कम यांचं इंग्रजी. २००९च्या चौथ्या आवृत्तीत पी. एम. एस. हॅकर आणि योआखिम शुल्टे यांनी भाषांतर सुधारलं. रोजच्या वापरात दोन बदल जाणवतात. काही सुटी टिपणं पूर्वी पानाच्या तळाशी असत. आता ती चौकटीत, संबंधित कलमांजवळ आली आहेत. आणि जुन्या 'भाग दुसरा'ला वेगळं नाव देऊन त्यातल्या नोंदींना १ ते ३७२ असे सलग क्रमांक दिले आहेत.

पहिल्या भागात ६९३ कलमं आहेत. प्रकरणं नाहीत, मथळे नाहीत. एका बैठकीत चार ते सहा कलमं पुरेत; दहाच्या वर गेलं की वाक्यं लक्षात राहतात, धागा सुटतो. हातात पेन्सिल हवीच, कारण पानावर एकाहून जास्त जण बोलत असतात. अवतरणचिन्हांतलं वाक्य बरेचदा प्रतिपक्षाचं असतं, लांब आडव्या रेघेनंतर बोलणारा बदलू शकतो. प्रत्येक वाक्यासमोर 'शंका', 'उत्तर', 'उदाहरण' अशी खूण करत गेलं, तर जे मत लेखक खोडून काढतोय तेच त्याच्या नावावर जमा होत नाही. क्रम असा ठेवावा: १ ते २७, मग ६५ ते ७७, मग १३८ ते २४२, आणि त्यानंतरच १०९ ते १३३. तत्त्वज्ञान कसं करावं याबद्दलची ही १०९ ते १३३ कलमं आधी वाचली तर नुसती घोषवाक्यं वाटतात.

सगळ्यात जास्त वेळ १८५ला द्यावा. एका विद्यार्थ्याला 'दोन मिळवत जा' हा नियम शिकवलाय आणि १०००पर्यंत त्याची परीक्षाही झाली आहे. पुढे लिहायला सांगितलं तर तो १०००, १००४, १००८, १०१२ असं लिहितो. चूक दाखवली तरी त्याचं म्हणणं, मी पहिल्यासारखंच तर करतोय! त्याला मागची उदाहरणं पुन्हा दाखवून उपयोग नाही, ती 'सतत दोन मिळव' आणि 'हजारापर्यंत दोन, पुढे चार मिळव' या दोन्ही वाचनांत बसतात. नियमाचा अर्थ लावून दिला, तर त्या अर्थाचाही अर्थ लावावा लागेल. २०१मध्ये हा पेच टोकाला जातो: कुठलीही कृती नियमाशी जुळवून दाखवता येत असेल, तर नियमाने काहीच ठरत नाही.

पुष्कळ जण इथेच पुस्तक मिटतात. अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपकेच्या १९८२च्या मांडणीनंतर हा परिच्छेद 'संशयवादी विरोधाभास' म्हणून गाजला. पण त्याच कलमाचा दुसरा परिच्छेद सांगतो की इथे गैरसमज आहे. नियम समजण्याची अशीही एक तऱ्हा आहे जी अर्थ लावणं नव्हे, आणि ती आपण प्रसंगी काय करतो त्यात दिसते. लगेच २०२: नियम पाळणं ही रीत आहे, आणि आपण नियम पाळतोय असं वाटणं म्हणजे नियम पाळणं नव्हे. सत्तेच्या भाषेची तपासणी करायला या पुस्तकात याहून धारदार वाक्य नाही. 'आमच्या मते आम्ही घटनेच्या चौकटीतच आहोत' एवढं म्हटल्याने काही सिद्ध होत नाही, हे यातून नेमकं दाखवता येतं.

सराव असा करता येतो. वर्तमानपत्रातून 'जनता' हा शब्द असलेली वाक्यं काढा. 'जनतेचा कौल' निकालाच्या बातमीत येतो. तो मोजता येतो, चुकीचा ठरवता येतो, त्यावर न्यायालयात दाद मागता येते. 'जनता माफ करणार नाही' सभेत येतं. तिथे मोजायला काही नाही, तो इशारा आहे. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा: कोण कुणाला बोलतंय, त्यानंतर काय घडणं अपेक्षित आहे, आणि हे चुकलं असं कशाने ठरेल. मोजलेला कौल खिशात घालून न मोजलेला इशारा देणारा वक्ता एका वापराचं वजन दुसऱ्या वापरावर टाकतो. ती जागा या प्रश्नांनी सापडते.

नंतरच्या राजकीय लेखनात या पुस्तकाचा वापर कमी-अधिक नीट झालाय. राजकीय विचारवंत एर्नेस्तो लाक्लाव आणि शांताल मूफ यांनी १९८५मध्ये दुसऱ्या कलमातले बांधकामवाले घेतले. तिथे 'लादी' म्हणणं आणि लादी आणून देणं हा एकच व्यवहार आहे; म्हणून राजकीय बोलणं कृतीपासून वेगळं काढता येत नाही, हा त्यांचा मुद्दा मजकुराला धरून आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने १९७९मध्ये भाषेच्या खेळांना झुंजीचं रूप दिलं. २३व्या कलमातल्या यादीत मात्र हुकूम देणं, कोडं सोडवणं, आभार मानणं, शिव्या देणं, प्रार्थना असं बरंच काही आहे. झुंज हा त्यातला फार तर एक कोपरा म्हणता येईल.

डाव्या विचारांचा तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्यूज याचा १९६४चा आक्षेप सर्वांत गंभीर: तत्त्वज्ञान 'सगळं जसंच्या तसं ठेवतं' म्हणणारं १२४वं कलम प्रस्थापिताची पाठराखण करतं. आक्षेप वाचावाच, पण १२५ सोबत ठेवून. तिथे आपण नियम घालून देतो आणि ते पाळताना त्यांतच अडकतो असं म्हटलंय, आणि विसंगतीचं नागरी जीवनातलं स्थान हाच तत्त्वज्ञानाचा प्रश्न ठरवलाय. मार्क्यूजला पूर्ण उत्तर यातून मिळत नाही. अन्यायी रीतच बदलायची असेल तर काय, याबद्दल पुस्तक फारसं बोलत नाही. प्रस्तावनेत मात्र सर्वांत फलदायी कल्पनांचं श्रेय प्येरो स्राफाला दिलंय, म्हणजे इटलीतला मार्क्सवादी विचारवंत ग्रामशी याला तुरुंगात पुस्तकं पुरवणाऱ्या अर्थतज्ज्ञाला.

अडलं तर बेकर आणि हॅकर यांनी सुरू केलेलं आणि पुढे हॅकर यांनी पूर्ण केलेलं चार खंडांचं भाष्य आहे. सगळे खंड लागत नाहीत. १८५ ते २४२वरचा दुसरा खंड ग्रंथालयातून मिळवा. जुनी आवृत्तीच हाती असली तरी पहिल्या भागासाठी चालते, कलमांचे क्रमांक तेच आहेत. दुसऱ्या भागाचे संदर्भ जुन्या लेखांत पानांच्या क्रमांकाने येतात, ते नव्या आवृत्तीत जुळवून घ्यावे लागतात.