जुन्या संगणकासाठी लिनक्स: मिंट, उबुंटू, डेबियन की फेडोरा?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, सोसायट्यांच्या कार्यालयांत आणि घरगुती शिकवण्यांत जे संगणक आहेत, त्यांतले बरेच या अटीत बसत नाहीत. पण रॅम थोडी वाढवून एसएसडी बसवली, तर ते आणखी काही वर्षे उत्तम काम देऊ शकतात. अशा संगणकावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, टाकायचे ठरले की लोक प्रथम विचारतात, मिंट, उबुंटू, डेबियन आणि फेडोरा या तिच्या चार रूपांपैकी इन्स्टॉल करायला सोपे कोणते? माझ्या मते निवड इन्स्टॉलवरून नव्हे, तर अपग्रेडवरून, म्हणजे पुढे नव्या आवृत्तीवर जाणे किती सोपे आहे यावरून, करावी. इन्स्टॉल एकदाच होते आणि त्या वेळी कोणी तरी जाणकार शेजारी बसलेला असतो. अपग्रेडचा निरोप पडद्यावर येतो तेव्हा तो जाणकार ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये स्वतःच्या नोकरीवर असतो.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. हिशेब टॅलीवर असतील, तर तो कार्यक्रम विंडोजसाठीच बनतो, आणि निदान एक संगणक विंडोजवर ठेवण्याला पर्याय नाही. सोसायटीची जुनी इतिवृत्ते श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (युनिकोड ही अक्षरांची आजची प्रमाण पद्धत) फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर फॉन्टची फाइल नव्या प्रणालीत टाकून ती वाचता येतील, पण त्याच पद्धतीने पुढे टंकता येणार नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे काम स्थलांतरापूर्वीच उरकावे. नव्या मजकुरासाठी मराठी इन्स्क्रिप्ट हा कळांचा प्रमाण आराखडा चौघांतही कीबोर्डच्या सेटिंगमधून जोडता येतो, त्यामुळे या मुद्द्यावर कोणी डावे-उजवे ठरत नाही.

इन्स्टॉलच्या बाबतीत फरक थोडे आहेत. मिंट, उबुंटू आणि फेडोरा पेन ड्राइव्हवरून सुरू करून, हार्ड डिस्कला हात न लावता, वायफाय, आवाज व पडदा नीट चालतो का हे पाहता येते. डेबियनचीही अशी लाइव्ह प्रत मिळते, आणि वायफायसाठी लागणारे फर्मवेअर (उपकरण चालवणारा छोटा कार्यक्रम) वेगळे शोधण्याचा जुना त्रास डेबियन १२ पासून संपला आहे. मात्र त्याच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये एक जागा जपावी लागते: रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारला असता तो दिला, तर तुमच्या रोजच्या खात्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाची कामे करण्याचा, अधिकार मिळत नाही, तो रकाना रिकामा सोडला, तर मिळतो. फेडोरामध्ये काही प्रकारच्या व्हिडिओ फाइली चालण्यासाठी आरपीएम फ्युजन हे कार्यक्रमांचे बाहेरचे भांडार नंतर जोडावे लागते. चौघांपैकी काहीही घेतले, तरी कागदपत्रांचे होम विभाजन (डिस्कचा भाग) वेगळे ठेवलेले बरे. पुढे कधी प्रणाली नव्याने टाकण्याची वेळ आली, तर फार सोय होते.

खरी तुलना इथून सुरू होते. फेडोराची नवी आवृत्ती सुमारे दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला जेमतेम तेरा महिने पाठिंबा मिळतो. मधली एक आवृत्ती गाळून पुढच्या आवृत्तीवर जाता येते, तरीही वर्षातून एक मोठे अपग्रेड चुकत नाही. त्याची रीत चांगली आहे: सगळी पॅकेजेस (कार्यक्रमांचे गठ्ठे) आधी उतरवली जातात आणि मग संगणक पुन्हा सुरू होऊन, दुसरे काहीही चालू नसताना, ती बसवली जातात. पण दरवर्षी हे करायला कोणी तरी हवे.

उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ पाठिंब्याची, आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे पाठिंबा असतो. वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत मोफत असलेली उबुंटू प्रो योजना घेतली, तर ही मुदत दहा वर्षांवर जाते. एका एलटीएसवरून दुसरीवर जाण्याची सूचना नवी आवृत्ती येताच मिळत नाही, तर तिची पहिली सुधारित प्रत निघाल्यावर मिळते, आणि तेवढे थांबणे शहाणपणाचेच आहे. अपग्रेड होताना बाहेरची भांडारे बंद केली जातात. ती नंतर हाताने चालू करावी लागतात, नाही तर तिथून आलेले कार्यक्रम तसेच जुने राहतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. फायरफॉक्स इथे स्नॅप या उबुंटूच्या वेगळ्या पॅकेज-स्वरूपात येतो, आणि जुन्या हार्ड डिस्कवर तो उघडायला वेळ घेतो, ही तक्रार रास्त आहे.

मिंट उबुंटूच्याच एलटीएसवर उभे आहे, पण स्नॅप त्यात नाही. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत चालेल. मालिकेच्या आतले, म्हणजे २२ वरून २२.१ असे अपग्रेड अपडेट मॅनेजरच्या मेनूतून होते. मालिका बदलण्यासाठी वेगळे साधन आहे, आणि ते टाइमशिफ्ट या कार्यक्रमाने प्रणालीची प्रत घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. काही बिघडले, तर त्या प्रतीवरून प्रणाली पूर्वस्थितीला आणता येते. नवख्या माणसासाठी ही सक्ती मला चौघांतली सर्वांत मोलाची सोय वाटते. मात्र टाइमशिफ्ट मुळात होम फोल्डर वगळते, त्यामुळे सभासदांच्या याद्या आणि पावत्या त्यात नसतात. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यावी.

डेबियनला असा मदतनीसच नाही. १२ वरून १३ वर, म्हणजे जून २०२३ च्या आवृत्तीवरून ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीवर जाताना, भांडारांच्या यादीत बुकवर्मच्या (१२ चे नाव) जागी ट्रिक्सी (१३ चे नाव) लिहायचे, प्रकाशनाच्या टिपा वाचायच्या आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे टंकून काम सांगण्याच्या खिडकीत, आज्ञा द्यायच्या. मध्येच प्रणाली थांबते आणि विचारते की अमुक सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घेऊ? नुसते एंटर दाबले, तर तुमचीच राहते. ज्याला हा प्रश्न कळतो, त्याच्यासाठी डेबियनइतके शांत दुसरे काही नाही: तीन वर्षे पूर्ण पाठिंबा, वर दोन वर्षे एलटीएस, आणि मधल्या काळात उगाच बदललेले काही नाही.

प्रिंटरचाही विचार व्हावा. एचपी लेझरजेट १०२० हा कार्यालयांत सर्रास दिसणारा प्रिंटर एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपी प्रिंटरांच्या कार्यक्रमाचे प्लगइन (जोडभाग) असल्याशिवाय छापत नाही, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. म्हणून मोठे अपग्रेड झाले की एचपी-प्लगइन ही आज्ञा पुन्हा चालवावी लागते. फेडोरावर हे वरचेवर घडेल, मिंटवर क्वचित.

सोसायटीच्या कार्यालयासाठी मी मिंट सुचवेन, आणि रॅम चार जीबीच असेल, तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. ज्या घरात मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीला आहे, तिथे उबुंटू घ्यावे, कारण अडचण आली की शोधलेली बहुतेक उत्तरे त्याच्यासाठीच लिहिलेली असतात. टर्मिनलची भीती नसलेल्याने सरळ डेबियन टाकावे. फेडोरा उत्तम आहे, पण ते अगदी नव्या लॅपटॉपसाठी राखावे, जिथे ताज्या कर्नेलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, खरोखर उपयोग होतो.