शाळेचा 'नो होमवर्क' फुल-डे बॅच: पैसे वसूल, पण चौथ्या दिवसाचं बघा

सिंहगड रोडच्या एका शाळेत या वर्षीपासून हा बॅच सुरू झालाय. नाव लिहीत नाही, कारण मुलगी अजून तिथेच आहे. शाळा साडेतीनला सुटायच्या ऐवजी साडेचारला सुटते, शेवटच्या तासात दिवसाचा सगळा अभ्यास तिथेच उरकायचा आणि घरी वही उघडायची नाही. वेगळी फी आहे आणि ती टर्मच्या सुरुवातीलाच एकरकमी घेतात, हे आधी विचारून घ्या.

आमची पाचवीत आहे. आधी आमच्याकडे रात्री जेवणाच्या ताटावर पाढे आणि शुद्धलेखन चालायचं, आई ओरडणार, पोरगी रडणार आणि आजी मधे पडून दोघींना बोलणार, ते सगळं बंद झालंय. संध्याकाळी ती खाली सोसायटीत खेळते, साडेनऊला झोपते. एवढ्यासाठी मी फी परत भरेन, खरं सांगतो.

आता खरी गोष्ट. तास वाढवल्याने काही होत नाही, त्या तासाला कोण बसतं त्यावर सगळं आहे. सोम ते बुध ज्या बाई असतात त्या एकेकाच्या बाकाशी जाऊन वही बघतात. मी एकदा लवकर घ्यायला गेलो तेव्हा दारातून दिसलं, 4208 ला 4 ने भागायचं होतं, आमच्या लेकीने उत्तर 152 लिहिलेलं, मधला शून्य गायब. बाईंनी चूक सांगितली नाही, फक्त म्हणाल्या, "बाळा, शंभराच्या घरात काय झालं ते मला मोठ्याने सांग." सांगता सांगता तिलाच कळलं. हे मी रात्री दहा वाजता दमलेल्या डोक्याने करू शकलो नसतो, मी सरळ 1052 सांगून मोकळा झालो असतो.

पण गुरुवारी एक सर येतात, ते फक्त गप्प बसवायला. ते मोबाईल बघतात आणि पोरं एकमेकांचं उतरवतात. गुरुवारची वही बघितली की लगेच कळतं, सगळ्यांची एकच चूक एकाच ओळीत. पालकसभेत हे बोललो तर "नोट केलंय" म्हणाले, बाकी काही झालं नाही. शुक्रवारी पीटी आणि काहीतरी ॲक्टिव्हिटी असते, त्याबद्दल तक्रार नाही.

अजून एक जे मला खटकतं. केंद्राच्या 2020 च्या स्कूल बॅग पॉलिसीत स्पष्ट आहे की पहिली-दुसरीला होमवर्क नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला हां, रोज नाही. म्हणजे दोन तासांचं काम काढून टाकायला शाळा आठवड्याला पाच तास जास्त घेते आणि वर आपल्याकडून पैसे. मुळात ते दोन तासाचं सहा-सात तास कोणी केलं होतं? त्यांनीच. आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणं लागतं, म्हणजे हिशोबाने रोज चार तास, आणि आपली मुलं आधीच त्याच्या किती पुढे आहेत.

आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक गृहस्थ या बॅचच्या बाजूने सारखं फिनलंडचं उदाहरण काढतात. अहो पण तिथे शाळेचा दिवसच छोटा असतो आणि होमवर्कही थोडासाच देतात, एक कमी करायला दुसरं वाढवलेलं नाही तिथे. उदाहरण उलटं पडतंय साहेब.

छोट्यांसाठी मात्र घेऊ नका. 2024 पासून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवायचे नाहीत असा राज्याचा आदेश आहे, त्यामुळे त्यांची शाळा सुटायलाच उशीर, त्यात हा तास धरला की पाच, मग व्हॅन, मग सिंहगड रोडचं ट्रॅफिक. आमच्या मजल्यावरचा दुसरीतला पोरगा सहाला येतो तो व्हॅनवाल्या काकांच्या खांद्यावर झोपलेला. डब्याचं पण बघा, मधली सुट्टी साडेबाराला, त्यानंतर थेट घर. शाळा चार वाजता काही देत नाही. आम्ही दुसऱ्या डब्यात चिवडा-लाडू देतो, आणि तो बाई वर्गात खाऊ देतात, सर देत नाहीत.

आणि 'नो होमवर्क' म्हणजे वह्यांचा नाही एवढंच. प्रोजेक्ट आहेतच. गेल्या रविवारी सौरमालेसाठी थर्माकोलचे गोळे शोधत लक्ष्मी रोड पालथा घातला. तो होमवर्क माझा होता, तिचा नाही.

पाचवी-सहावी, दोघं नोकरीला, घरी अभ्यास घेणारं कोणी नाही, असं असेल तर घ्या. फक्त ॲडमिशनच्या वेळी शेवटच्या तासाला कुठल्या दिवशी कोण बसणार हे विचारा आणि लेखी मागा. पाचपैकी साडेतीन स्टार, गुरुवार सुधारला तर साडेचार करतो.