युद्धनौकेच्या मॉडेलचा राखाडी: तयार बाटली घ्यावी की घरी मिसळावा?

खानापूरचा एक मित्र 'म्हैसूर' क्रूझरचं १:७०० चं, म्हणजे खऱ्या नौकेच्या सातशेव्या हिश्श्याएवढं, मॉडेल करायला बसलाय. १९५६ साली बेळगाव ज्या राज्यात गेलं, त्याच्याच नावाची ही नौका, त्यामुळे त्याचा जीव तिच्यावर. त्याने विचारलं, राखाडी रंगाची तयार बाटली मागवू की घरी मिसळू?

मी उलट विचारलं, नौका कुठल्या सालातली? २९ ऑगस्ट १९५७ ला भारतीय नौदलात दाखल होण्याआधी ती ब्रिटिशांची 'नायजेरिया' होती. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाला रसद नेणाऱ्या ताफ्यात असताना तिला इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. सांगाडा एकच, पण रंगाच्या हिशेबात या दोन वेगळ्या नौका. तिच्याच वर्गातली 'केनिया' तर युद्धात चक्क गुलाबी रंगवली होती, 'पिंक लेडी' म्हणत तिला. मध्यम राखाडीत थोडा व्हेनेशियन लाल (विटकरी छटेचा लाल) घालून तो गुलाबी व्हायचा. अशा रंगाची एकच 'खरी' छटा हुडकत बसण्यात अर्थ नाही. साल ठरल्याशिवाय पैसे खर्चू नका.

बाटलीची बाजू आधी. रंग एकसारखा येतो, एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनातून) सुरळीत बसतो, आणि सहा महिन्यांनी डाग पडला तर तीच छटा पुन्हा हाताशी असते. पण बेळगावात हे रंग सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात. आणि लेबलवरचं नाव म्हणजे पुरावा नव्हे. ब्रिटिश नौदलाचा फिका राखाडी '५०७-सी' मी दोन कंपन्यांचा घेतला, दोन प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर मारला आणि उत्तरेच्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवला. एक निळसर, दुसरा सरळ पिवळट. नाव मात्र दोन्हींचं तेच. ट्यूबलाइटखाली हाच फरक जवळजवळ दिसेनासा झाला, म्हणून तुलना कायम दिवसाउजेडातच करा.

मिश्रणाकडे माझा ओढा जास्त आहे आणि त्याचं कारण त्या काळच्या नौदलांच्या पद्धतीतच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदल पांढरा बेस '५-यू' आणि गडद जांभळट-निळी पेस्ट '५-टीएम' एकत्र करून रंग बनवायचं. नेव्ही ब्लू '५-एन', ओशन ग्रे '५-ओ', हेझ ग्रे '५-एच' ही सगळी भावंडं, फरक पेस्टच्या प्रमाणाचा. म्हणजे अमेरिकन नौकेसाठी पेस्टची छटा एकदा साधली की अख्खं कुटुंब हातात येतं. मी स्टेशनरीच्या दुकानातल्या ॲक्रिलिक ट्यूब घेतो: काळा, अल्ट्रामरीन निळा आणि किंचित लाल. दोन मिलीच्या सिरिंजने थेंब मोजतो आणि वहीत प्रत्येक मिश्रणापुढे वाळलेल्या रंगाचा ठिपका ठेवतो. ओला ठिपका बघून निर्णय घ्यायचा नाही, हे मी गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्यांकडून शिकलो. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं.

ब्रिटिशांच्या युद्धाच्या उत्तरार्धातल्या रंगांची नावं तर मिसळणाऱ्याला वरदानच. 'जी-४५', 'बी-५५' यांत अक्षर छटेचं, जी हिरवटाकडे आणि बी निळ्याकडे झुकणारा, तर आकडा साधारण किती टक्के प्रकाश परत फिरतो त्याचा. फोटोग्राफरकडे १८ टक्के प्रकाश परत फिरवणारं ग्रे कार्ड असतं. ते आपल्या ठिपक्याशेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. 'जी-४५' त्यापेक्षा स्पष्ट उजळ दिसलाच पाहिजे. छटेत थोडी चूक झाली तर डोळा माफ करतो, उजळपणा चुकला की नौका लगेच खोटी वाटते.

जुन्या फोटोंवरून थेट रंग ओळखायचा मार्ग मात्र मी कुणाला सुचवत नाही. त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक जातीच्या कृष्णधवल फिल्मला लाल दिसत नाही, त्यामुळे लाल काळपट येतो आणि निळा फिका. रंगाचे पट्टे कुठून कुठे जातात, एवढंच फोटोवरून ठरवा.

आता मित्राचा निर्णय. त्याला १९५७ नंतरची, एकाच राखाडीतली 'म्हैसूर' हवी असेल तर बाटली घ्यावी, पण आधी चमच्यावर तपासून. १:७०० मध्ये ही नौका जेमतेम २४ सेंटिमीटरची होते. ती तीस सेंटिमीटरवरून बघणं म्हणजे खरी नौका २१० मीटरवरून बघणं, आणि दुरून रंग फिका दिसतो, म्हणून बाटलीतल्या रंगातही मी दोन-चार थेंब पांढरा घालतो. युद्धातली, तीन-चार छटांच्या कॅमोफ्लाजमधली (शत्रूची नजर चुकवणाऱ्या पट्ट्यांची) नौका करायची असेल तर मिसळावंच, कारण तिथे छटांचं एकमेकींशी असलेलं नातं जपायचं असतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या ते बिघडवतात.

आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकर (झटपट वाळणारा, वार्निशसारखा थर) मारलं की त्यावर पांढुरकी झाक येते. पावसाळाभर ठिपके आणि वही पुरी करा, एअरब्रश दसऱ्यानंतर काढा.