आस्थापना सांभाळणारा की माणसं घडवणारा?

अमेरिकेत 2002 च्या कायद्याने मोठ्या संघीय खात्यांत 'चीफ ह्यूमन कॅपिटल ऑफिसर', म्हणजे मनुष्यबळाचा मुख्य अधिकारी, हे पद आलं. पुढच्या काही वर्षांत किती लोक निवृत्त होतील, कोणती कौशल्यं कमी पडतील, भरती कशी करायची, हे खातेप्रमुखाशी बसून ठरवणं हे त्याचं काम.

आपल्याकडे महाराष्ट्रात नियम सामान्य प्रशासन विभागाचे आणि रोजचं काम प्रत्येक विभागातल्या आस्थापना शाखेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या शाखेचं. बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंद), ज्येष्ठता यादी, पदोन्नती समितीची बैठक, गोपनीय अहवाल. त्यात 2005 च्या बदल्यांच्या कायद्यामुळे एप्रिल-मे उजाडला की शाखेला दुसरं काही सुचत नाही.

या कामाला कारकुनी म्हणून हिणवू नये. माझ्या वडिलांच्या सेवापुस्तकात एका वेतनवाढीच्या नोंदीखाली सही राहिली होती. तेवढ्यासाठी पेन्शनचं प्रकरण सात महिने अडलं. शेवटी एका अधीक्षक बाईंनी जुनी वेतनपत्रकं उपसून ती नोंद प्रमाणित करून दिली. घरी त्यांचं नाव आजही आदराने निघतं.

अमेरिकी पदातही एक अडचण आहे: ते राजकीय नेमणुकीतून भरलं गेलं, तर सरकार बदलताच माणूस बदलू शकतो. आपल्या शाखेतलं सातत्य मला जास्त मोलाचं वाटतं. तरीही निवड करायची तर मी आधीच नियोजन करणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या बाजूने आहे. कारण आपल्याकडे पद रिकामं झाल्यावर भरतीचं मागणीपत्र पाठवायचं आणि परीक्षा, निकाल, नियुक्तीची वाट बघायची, तोवर एकाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) दोन-तीन गावांचा कार्यभार राहतो.