जुन्या जीपचे गिअर बूट : नाशकात तयार घ्यावेत की शिवून घ्यावेत?

सीजे थ्री बी, सीजे ५००, एमएम ५४० या महिंद्राच्या जुन्या जीपच्या फ्लोअरमधून बहुधा तीन लिव्हर वर येतात. एक मुख्य गिअरचा, बाकी दोन ट्रान्सफर केसचे, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्याचे : फोर बाय फोर आणि हाय-लो. लिव्हरभोवती बसून फ्लोअरचं भोक झाकणारं आवरण म्हणजे बूट. गावात महिंद्राचा कारखाना आहे म्हणून या गाड्यांचे रबरी बूट कुठेही मिळतील, या भ्रमात राहू नका. द्वारका, मुंबई नाक्याकडच्या दुकानांत जे मिळतं त्याचा निकाल आधीच सांगून टाकतो : मुख्य गिअरला तयार बूट चालतो, ट्रान्सफर केसला सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेतलेलाच बरा.

तयार बूट मागताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. थ्री बीचं मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या गाड्या भरपूर आहेत, आणि इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदललेला असतो. म्हणून तीन मापं घेऊन जा : फ्लोअरच्या भोकाची लांबी-रुंदी, बूटाची मान जिथे बसणार तिथला लिव्हरचा व्यास, आणि तिथपर्यंतची फ्लोअरपासूनची उंची.

दुकानात बूट हातात आला की दुमडून घडीवर नख फिरवा. बारीक चिरा दिसल्या किंवा बोटं काळी झाली तर परत ठेवा. तो भंगार रबर मिसळून केलेला माल असतो, कसारा घाटातला एक पावसाळाही काढणार नाही. रबर कोणतं हेही विचारा. ईपीडीएम ऊन आणि गरमी सोसतं, पण गिअर ऑइल लागलं की फुगतं. नायट्राइलचं उलट : ऑइल पचवतं, उन्हात तडकतं. उघड्या जीपला वरच्या बाजूला ईपीडीएम आणि आत नायट्राइल ही जोडी उत्तम. एकच घ्यायचा तर निओप्रीन, ते दोन्हींच्या मधलं आहे. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कडेचा छोटा तुकडा कापून रात्रभर गिअर ऑइलमध्ये ठेवा. सकाळी फुगलेला दिसला तर तो आतल्या बाजूला नको.

बसवताना नॉबखालचा लॉकनट सैल करून नॉब काढा आणि मान गरम पाण्यात मऊ करून साबणाच्या पाण्यावरून सरकवा. ग्रीस लावू नका. खालची पत्र्याची रिंग बहुतेक गाड्यांत गायब असते. ती १६ गेज पत्र्यातून कापून घ्या, खाली ३ मिमी स्पंज रबर द्या. सेल्फ स्क्रू दोन-चार वेळा उघडले की भोकं मोठी होतात, त्यापेक्षा एम ५ चे रिव्हेट नट (पत्र्यात कायमचे बसणारे आट्यांचे नट) मारून घेतलेले परवडतात.

आता ट्रान्सफर केस. तयार बूटात एकाच रबरात दोन भोकं असतात आणि तिथेच घोळ आहे. हाय-लोचा लिव्हर हलतो तेव्हा फोर बाय फोरचा जागेवर असतो, म्हणजे दोन मानांच्या मधली जेमतेम बोटभर पट्टी प्रत्येक वेळी तिरकी ताणली जाते. बूट फाटतो तो नेमका तिथे, कडेला नाही. शिवून घेताना एका पायावर दोन वेगळ्या बाह्या करायला सांगा आणि मध्ये घडीचं कापड सोडायला लावा.

सीटवाल्याचं काम सफाईदार असतं, पण माप तो लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून घेतो. ही चूक महागात पडते. समजा मान १५० मिमी उंचीवर आहे, भोकाची अर्धी रुंदी ६० मिमी आणि लिव्हर त्या उंचीवर एका बाजूला ६० मिमी जातो. न्यूट्रलमध्ये तिरकी लांबी १६२ मिमी भरते. लिव्हर टोकाला गेला की लांबच्या बाजूला १९२ मिमी लागतात. १६५ ला कापलेला बूट लिव्हरला मागे ओढतो, गिअर उडतो (चालत्या गाडीत आपोआप सुटतो) आणि मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायला सांगतो. अशी शंका आली तर आधी बूट काढून गाडी चालवून बघा. वरच्या उदाहरणात कापडाची तिरकी लांबी २१० मिमी धरा, शिवणीची १२ मिमी वेगळी. १६ मिमीच्या लिव्हरला मानेचा घेर ५० मिमी येतो.

कापड म्हणून साधं रेक्झिन नको. गिअरबॉक्सच्या गरमीने ते कडक होऊन घडीवर फुटतं. कॅनव्हास बाहेरून आणि ट्रकच्या ट्यूबचं रबर आतून, हे दिसायला गावठी पण काम चोख. फक्त गिअरबॉक्सच्या वरून ऑइल गळत असेल तर आधी ते बंद करा, ट्यूबचं ब्यूटाइल ऑइलने फुगतं. दोरा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचाच, सुती दोरा कुजतो. मान बांधायची युक्ती : बूट उलटा करून, आतली बाजू बाहेर आणि पाया वर, लिव्हरवर घालायचा, मानेवर केबल टाय आवळायचा आणि मग पाया खाली ओढून सुलटा करायचा. टाय आत लपतो, उन्हापासूनही वाचतो.

थ्रीडी प्रिंटचे बूटही करून मिळतात. त्यासाठी वापरतात ते ९५ए कडकपणाचं टीपीयू (रबरासारखं प्लॅस्टिक) फारच ताठ, पैसे वाया. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत साच्यात रबर दाबून बूट करून घेणं सगळ्यात सरस, पण डायचा खर्च एका बूटासाठी झेपत नाही. एकाच गिअरबॉक्सचे आठ-दहा जीपवाले जमले तरच विचार करा.

पावसाळ्याआधी वॉशिंगवाले चेसिसला खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारतात. त्या वेळी बूटाखालच्या भागावर प्लॅस्टिक बांधायला लावा, नाहीतर साधं रबर फुगून मान लिव्हरवरून सुटते आणि पाणी थेट लिव्हरच्या कडेने गिअरबॉक्समध्ये उतरतं. गिअरबॉक्सचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) उघडल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते झालेलं आहे. ऑइल बदला, बूट नंतर.