साताऱ्यातलं थिसिस टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान, तीन प्रबंधांनंतरचा अनुभव

राजवाड्याकडून मोती चौकाकडं येताना एका बोळात हे दुकान आहे. बोर्डावर नाव नाही, नुसतं झेरॉक्स, डीटीपी, बाइंडिंग एवढंच लिहिलंय, त्यामुळं विचारत जावं लागतं, पण थिसिसवाले काका कुठं बसतात म्हटलं की शेजारचे लगेच हात दाखवतात. आमच्या घरातले दोन आणि मैत्रिणीचा एक असे तीन पीएचडीचे प्रबंध इथून बांधून गेलेत, तिन्ही एकमेकांपासून लांबच्या विषयांचे, म्हणून सविस्तर लिहितेय. शिवाजी विद्यापीठाला सबमिशन म्हणून आपल्याकडची पोरं कोल्हापुरात लॉजवर राहून टायपिंग करून घेतात ते मी बघितलंय, त्याची गरज नाही.

पहिला प्रबंध माझ्या दिराचा, फिजिक्सचा. कॅडमियम सल्फाइडच्या पातळ थरांवर काम, म्हणजे पानापानावर एक्सआरडीचे (क्ष-किरण चाचणीचे) ग्राफ आणि ग्रीक अक्षरं. आधी त्यानं दुसऱ्या एका दुकानात काही चॅप्टर दिले होते, तिथं अँगस्ट्रॉम ह्या लांबीच्या एककाच्या खुणेतलं, ए च्या डोक्यावरचं कडंच उडालं आणि सगळीकडं तरंगलांबी नुसती १.५४०६ ए अशी छापून आली. काकांनी पहिल्याच प्रूफला पेन्सिलीनं गोल केले. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे कणांचा आकार काढायचं श्येररचं सूत्र टाईप करताना त्यांनी विचारलं की ह्या टेबलात बीटाच्या, म्हणजे ग्राफमधल्या शिखराच्या रुंदीच्या, मथळ्यावर डिग्री लिहिलंय आणि मागच्या टेबलात रेडियन, दोन्हीतले आकडे मात्र सारखेच कसे? आकडे रेडियनचेच होते, मथळा चुकला होता. सूत्रात बीटा रेडियनमध्येच घालायचा असतो आणि एक रेडियन म्हणजे ५७ डिग्रीच्या वर, त्यामुळं तो मथळा धरून कुणी कणांचा आकार काढला असता तर उत्तर कुठल्या कुठं गेलं असतं. काका कॉमर्सवाले आहेत, पण टाईप करतात ते वाचून करतात.

मैत्रिणीचा प्रबंध मीडियाचा, म्हसवडच्या माणदेशी कम्युनिटी रेडिओवर. बायकांच्या तासन् तास मुलाखती, सगळ्या माणदेशी बोलीत. असा मजकूर बाहेर दिला की टायपिस्ट आपल्या मनानं तो शुद्ध करून टाकतो, आणि बाई जे बोलली तेच जर बदललं तर संशोधन उरलं काय? इथं मराठीचं सगळं काकू बघतात, त्यांचं माहेर दहिवडीकडचं, त्यांनी एकही शब्द प्रमाण केला नाही, उलट दोन ठिकाणी मैत्रिणीनंच ऐकताना चूक केली होती ती सांगितली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे लोक मराठी युनिकोडमध्येच करतात. पीएचडी जाहीर व्हायच्या आधी सॉफ्ट कॉपी इन्फ्लिबनेट ह्या यूजीसीच्या केंद्राकडं जाते आणि प्रबंध शोधगंगा ह्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो. जुन्या फॉन्टात टाईप केलेलं मराठी आपल्याला स्क्रीनवर नीट दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, त्यामुळं कुणी मराठीत शब्द टाकून शोधलं तर ते सापडतच नाही. म्हणजे पाच-सहा वर्षं राबायचं आणि पुढच्या पोराला ते मिळायचंच नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं. माझे पहिले दोन चॅप्टर असेच जुन्या फॉन्टात होते, काकूंनी कन्व्हर्ट करून परत ओळ न् ओळ तपासले, कारण कन्व्हर्टरमध्ये रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

माझा विषय शिक्षण धोरण, जावळीतल्या २० पेक्षा कमी पटाच्या शाळा. पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत शाळा, हा नियम कागदावर आहे आणि इकडं कोयना धरणाच्या फुगवट्याला अंतर पाण्यावरनं मोजावं लागतं. खिरखंडीच्या मुली बोट वल्हवत शाळेला जायच्या त्याची बातमी वाचून २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली होती. ते कात्रण मला परिशिष्टात हवं होतं, माझ्याकडची झेरॉक्स काळी पडलेली, काकांनी मूळ अंक घेऊन यायला लावला आणि अक्षर न् अक्षर वाचता येईल असं स्कॅन केलं. नकाशे आडव्या पानावर घेतले पण पानाचा नंबर उभ्या पानांच्या जागीच ठेवला.

सिमिलॅरिटीबद्दल, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो त्याबद्दल, सांगते कारण लोक तेच विचारतात. ‘टक्के कमी करून द्या’ म्हणून गेलात तर काका सरळ नाही म्हणतात, शब्द फिरवून देण्याचं काम ते करत नाहीत. माझ्यासमोर एकाला त्यांनी २०१८ ची यूजीसीची नियमावली काढून दाखवली, १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, शिवाय संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं, सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य, हे मोजायचंच नसतं. मला हे वाचून इतकं हायसं वाटलं, कारण आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याची) कलमं मी जशीच्या तशी दिली होती आणि उगाच घाबरून ती मोडतोड करायच्या बेतात होते.

आता तक्रारी. वेळेचा काही भरवसा नाही, चार दिवस म्हणाले की आठ धरा. फोन उचलत नाहीत. बोळात गाडी लागत नाही, राजवाड्यापाशी लावून चालत या. दिराच्या एका प्रतीच्या पाठीवर सोनेरी अक्षरात आडनाव चुकलं होतं, ते कव्हर पैसे न घेता परत करून दिलं पण त्यात दोन दिवस गेले. मराठी टायपिंग पानाला ३० रुपये, समीकरणांच्या पानाला जास्त, रेक्झिनचं हार्ड बाइंडिंग ३०० ला पडलं, स्वस्त नाही पण मला पटलं.

जाताना गाइडची सही झालेलं सर्टिफिकेट प्रतींइतकं मोजून सोबत न्या, ते बांधायच्या आधीच आत घालावं लागतं, माझं एक मेढ्यात राहिलं होतं आणि तेवढ्यासाठी परत यावं लागलं.